माळ खुंटीला, पेला हाताला



गेल्या कार्तिकात मिहानच्या कुंपणालगतच्या एका गावी हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने आमचा तीन दिवस मुक्काम झाला. पहिल्या रात्री कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. मंडपात विणेकरी आणि चार-दोन माणसे उरली होती. तेव्हा साठीच्या घरातले एक माळकरी गृहस्थ जवळ येऊन बसले. पाया पडले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हळूच म्हणाले, "महाराज, एक इचारू का जी? राग नका मानू. मी संध्याकाळची थोडी घेतो. पण घ्यायच्या आधी माळ काढून खुंटीले टांगतो. देवाच्या वस्तूले बाट नाही लागू देत. सकाळी आंघोळ करून पुन्हा घालतो. मंग यात वांधा काय? माळ तं सोवळीच राहिली ना?"

जवळचे दोघे हसले. आम्हाला हसू आले नाही. हा मनुष्य थट्टा करीत नव्हता. अठरा वर्षे आषाढी न चुकवलेला वारकरी तो. माळेचा मान राखावा म्हणून त्याने मनापासून शोधलेली ही वाट होती. शास्त्राधार दाखवून त्याला गप्प करणे अवघड नव्हते, पण गप्प झाल्याने त्याची संध्याकाळ पालटली नसती. आम्ही म्हणालो, "बाबा, याचे उत्तर आज नको. परवा काल्याच्या आधी बोलू." आणि त्या रात्री आम्हालाच झोप लागली नाही.

मिहान म्हणजे काय, हे पंढरपुराकडच्या वाचकांस ठाऊक नसेल. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्याला, विमानतळाला लागून ही मोठी वसाहत आहे. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे तिचा कारभार. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेते तिच्यात गेली. जेथे कापूस आणि तूर होती तेथे आता काचेच्या इमारती आहेत, विमाने दुरुस्त करण्याचे कारखाने आहेत, एम्सचे मोठे रुग्णालय आहे. फ्रान्सच्या दासो कंपनीच्या भागीदारीत विमानांचे भाग बनविणारा कारखानाही येथे झाला. त्याची पायाभरणी २०१७ साली झाली. कुंपणाच्या आत देशोदेशीची माणसे येतात. कुंपणाच्या बाहेर ज्यांची वावरे गेली ती माणसे मोबदल्याच्या पैशातून बांधलेल्या घरात बसून आहेत.

दुसऱ्या दिवशी या गृहस्थांच्या घरी चहाला गेलो. थोरला मुलगा मिहानातल्या दुसऱ्याच एका कंपनीत नोकरीला आहे. शिकलेला, नम्र पोरगा. तो म्हणाला, "महाराज, आमच्याकडे परदेशातून पाहुणे आले होते. एक फ्रान्सचे, एक इटलीचे. त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन असतेच, असं ऐकून आमच्या लोकांनी मुद्दाम महागडी बाटली मागवली. पाहुणे म्हणाले, आम्हाला साधं पाणी द्या. आणि बाटली आमच्याच पोरांनी संपवली."

पोराने गंमत म्हणून सांगितले. पण आमच्या मनात ही गोष्ट तशीच बसून राहिली. ज्यांच्या बापजाद्यांनी पाण्याऐवजी द्राक्षाचे मद्य प्यायले, ते पाणी मागतात. आणि ज्यांच्या बापजाद्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, ते बाटली संपवतात! हा काय प्रकार आहे?

यात अतिशयोक्ती नाही. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी, म्हणजे पोरेबाळे धरून, वर्षाला शंभर लिटरांहून अधिक द्राक्षमद्य खपत असे. आज हा आकडा चाळिसाच्या आसपास उतरला आहे. इटलीची कहाणी बहुतांशी अशीच. स्पेनमध्येही वाइन पुष्कळ घटली. सगळ्या जगाचा हिशेब धरला तर २०२४ साली वाइनचा जो खप झाला, तो १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता. २०२३ साली फ्रान्सच्या सरकारने वीस कोटी युरो बाजूला काढले ते कशासाठी? न खपलेली वाइन विकत घेऊन तिचा निव्वळ अर्क काढावा आणि तो हात धुण्याच्या औषधांत, अत्तरांत घालावा यासाठी. पुढे द्राक्षाच्या वेली उपटून टाकणाऱ्या शेतकऱ्यास हेक्टरी चार हजार युरो देण्याची पाळी आली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा हाताने उपटणाऱ्या त्या शेतकऱ्याचे दुःख मिहानच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता प्रश्न असा की, ही माणसे एवढी विरक्त कशी झाली? तिकडे कोणी साधुसंत अवतरला काय? दारूबंदीचा कायदा झाला काय? तसे काहीच घडले नाही. जुन्या काळी तिकडचा शेतमजूर आणि गिरणीकामगार दुपारच्या जेवणाबरोबर वाइन घेई, कारण ती अन्नातच मोजली जाई. पुष्कळ ठिकाणी पाण्याचा भरवसा नव्हता. पाश्चरसारख्या थोर शास्त्रज्ञानेसुद्धा वाइनला आरोग्याचे पेय ठरविले होते. शाळेतल्या लहान मुलांनाही जेवणात ती मिळे. चौदा वर्षांखालील मुलांना ती शाळेत देऊ नये असा हुकूम निघाला तो १९५६ साली! त्याच सुमारास मुलांना शाळेत दूध देण्याची मोहीम सरकारने काढली होती.

मग हळूहळू दिवसाची घडी बदलली. माणसे शेते सोडून शहरात आली. दुपारचे दोन तासांचे जेवण अर्ध्या तासावर आले. नळाला चांगले पाणी आले. मोटार चालवायची तर रक्तात मद्य किती असावे याला कायद्याने बांध घातला. मद्याच्या जाहिराती कायद्याने दूरचित्रवाणीवरून गेल्या. डॉक्टर बजावू लागले. घरातली सगळी एका वेळी जेवायला बसेनाशी झाली, तशी आजोबांच्या शेजारी बसून पेला धरायला शिकणारी नातवंडेही उरली नाहीत. कोणी बाटली फोडली नाही. बाटलीला बसायला जी जागा होती तीच नाहीशी झाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रोजची वाइन सुटली म्हणून सगळेच सुटले असे नाही. कित्येक तरुण आठवडाभर पाणी पितात आणि शनिवारी रात्री भान सुटेपर्यंत पितात. स्पेनमध्ये वाइन गेली तिच्या जागी बियर येऊन बसली. तरीही एकंदर हिशेबात फ्रान्समधले मद्यपान साठ वर्षांत निम्म्याहून खाली आले आणि यकृत सडून मरणारी माणसे फार कमी झाली, हे खरे आहे.

येथे आमच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. नामस्मरण नाही, व्रत नाही, पश्चात्ताप नाही; नुसती सवय मोडली म्हणून जे सुटले, त्याला त्याग म्हणावे काय? आमच्यातले काही जाणते म्हणतील, छे, तो त्याग नव्हे. वैराग्यावाचून सुटलेले व्यसन म्हणजे दुष्काळात घडलेला उपवास. त्याचे पुण्य कसले?

आम्हाला हे म्हणणे अर्धेच पटते. पुण्याचा हिशेब पांडुरंगाकडे असू द्या. घरात बसलेल्या बाईला विचारा. तिचा धनी वैराग्याने शुद्धीवर आला की डॉक्टरच्या भीतीने, याने तिला काय फरक पडतो? पगार घरी आला, पोराच्या अंगावर हात पडला नाही, रात्री झोप लागली. एवढे ज्याने घडले त्याला आम्ही हलके म्हणणार नाही. परमार्थाची पायरी प्रपंचाच्या अंगणातूनच चढावी लागते.

पण अर्धे पटते ते का, तेही सांगतो. रिकामी जागा रिकामी राहत नाही. सवय गेली आणि तिच्या जागी कोणी बसले नाही, तर दुसरी सवय येऊन बसते. तिकडच्या शनिवारची गोष्ट तीच आहे.

आमच्याकडचे पाहा. वैनगंगेच्या बाजूला, झाडीपट्टीत, मोहाचे झाड म्हणजे गोरगरिबांचे कामधेनूच. चैत्रात फूल वेचावे, वाळवावे, खावे, गुरांना घालावे, विकावे, आणि थोड्याची दारू गाळावी. गोंड बांधवांच्या देवकार्यात, लग्नामरणात तिचा मान ठरलेला. आम्ही माळकरी ती घेत नाही, पण त्यांच्या रीतीला नावे ठेवण्याचा अधिकारही आम्हाला नाही. त्या रीतीत वेळ होती, पंगत होती, वडीलधाऱ्यांचा डोळा होता. पुढे दुकान आले. दुकानाला ना सण कळतो ना सुतक. बांध फुटला तो तेथे.

मग बंदी आली. वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा. गडचिरोलीत लोकांनी चळवळ केली आणि १९९३ साली बंदी झाली. चंद्रपूरच्या बायका तर २०१० साली चिमूरहून नागपूरला विधानसभेच्या अधिवेशनावर पायी चालत आल्या. वाचकहो, ती वारीच होती. त्यांच्या ओठी गाऱ्हाणे होते एवढाच फरक. १ एप्रिल २०१५ रोजी तेथे बंदी झाली आणि २०२१ साली सरकारने ती उठविली. चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणे सांगितली गेली. वर्ध्याचे पिणारे तर नागपूर जिल्ह्याची हद्द ओलांडून इकडे येतात आणि पिऊन परत जातात. मिहानसमोरचा रस्ता वर्ध्यालाच जातो.

याचा अर्थ बंदी वाईट असा कोणी काढू नये. ज्या बाईने मार खाल्ला आहे तिला बंदी म्हणजे काय ते कळते. कायद्याने दुकान बंद होते आणि ते झालेच पाहिजे. पण संध्याकाळचे सात वाजायचे ते वाजतातच. त्या साताला माणसाने कोठे जावे, हे कायदा सांगत नाही.

उलट आमचे सरकार द्राक्षमद्याला उत्तेजन देत आले. २००१ साली त्यासाठी खास धोरण झाले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून किराण्याशेजारी वाइन विकू देण्याचे ठरले. गदारोळ झाला आणि ते मागे पडले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हा त्यातला युक्तिवाद. नाशिककडचे पुष्कळ बागाईतदार आमचेच माळकरी आहेत. त्यांच्या कर्जाची आम्हाला कळकळ आहे. पण त्या भागातली बहुतेक द्राक्षे खाण्याची आहेत, गाळण्याची थोडी. आणि ज्या देशांकडे बोट दाखवून हे शिकविले गेले, ते देशच आता वेली उपटीत आहेत. थोडी घेतली तर प्रकृतीला बरी, असेही पूर्वी सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही. दुसऱ्याने टाकलेला अंगरखा आपण नवा म्हणून अंगात घालीत आहोत.

असो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांना विचारले, "बाबा, तुम्ही घेता ती किती वाजता?"

ते म्हणाले, "सात-साडेसातले जी."

"सातलाच का?"

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पयले या टायमाले वावरातून येत होतो. बैलाले पाणी दाखवाचं, कडबा टाकाचा, पाठीवरून हात फिरवाचा. वावर गेलं, बैल इकले. आता सात वाजले का जीव कसातरीच होते. करमत नाही जी."

आम्ही विचारले, "तुमच्या विठ्ठल मंदिरात पूर्वी हरिपाठ होत असे ना?"

"होत होता. सातलेच. मृदंग वाजवणारा पोट्टा आता मिहानात चौकीदार आहे, त्याची पाळी बदलते. दुसरा कोणी वाजवत नाही. बंद पडला."

आम्ही मंदिरात जाऊन पाहिले. मृदंग भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता. शाई सुटली होती, वाद्या सैल पडल्या होत्या. एकाने माळ खुंटीला टांगली त्याच्या कितीतरी आधी गावाने मृदंग खुंटीला टांगला होता! आणि आम्ही कीर्तनकार मंडळी वर्षातून सात दिवस येतो, मंडपात दारूवर तासभर कडाडतो, टाळ्या घेतो, नारळ घेतो आणि निघून जातो. उरलेल्या तीनशे अठ्ठावन्न संध्याकाळी त्या माणसाने कोठे जावे, हे आम्ही कधी विचारले? त्याचा दोष त्याच्याकडे आहेच. पण त्यातला वाटा आमच्याकडेही येतो. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

गाडगेबाबांची आठवण येते. त्यांचे वडील दारूपायी गेले, घर उघड्यावर पडले, हे त्यांच्या चरित्रात आहे. बाबांना पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत होती. बाबांनी बारसे टाळले काय? टाळले नाही. पंगत बसविली आणि पानात गोडधोड वाढले. जातभाई रुसले, पण पंगत झाली. या एका गोष्टीत आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते. बाबांनी प्रसंग मोडला नाही. प्रसंगात काय वाढायचे ते बदलले. फ्रान्समध्ये काळाने जागा रिकामी केली आणि तेथे कोणी काय बसवावे ते नशिबावर राहिले. बाबांनी जागा रिकामी केली आणि त्याच घटकेला तेथे दुसरे बसविले. सवय सुटणे आणि त्याग होणे यांत आम्ही एवढाच भेद करतो. सुटते ते आपोआप सुटते. त्याग करणारा मात्र त्या जागी कोणाला बसवायचे हे आपण ठरवितो.

तिसऱ्या दिवशी काल्याआधी आम्ही त्या गृहस्थांना बोलावले. म्हणालो, "बाबा, माळ सोवळी राहते की नाही हे तुम्ही विचारले. माळेला बाट लागत नाही. ती लाकडाची आहे. बाट लागते ती तुमच्या बोलण्याला. माळ घालताना तुम्ही शब्द दिलात तो सकाळपुरता दिला होता काय? तुम्ही दिवसाचे दोन भाग केलेत, एक देवाचा, एक तुमचा. आणि जो भाग सर्वांत जड, सर्वांत एकटा, तोच देवाला दिला नाहीत. आजपासून माळ काढू नका. पेला हाती आला तरी माळ गळ्यात असू द्या. मग काय होते ते पाहा."

यावर एक वृद्ध टाळकरी रागावले. म्हणाले, "महाराज, हे भलतंच! पिणाऱ्यानं माळ घालूनच प्यावं, असं सांगता?" त्यांचा राग खोटा नव्हता. पिऊ नये हा आमचा नियम ढळलेला नाही. चूक घडलीच तर ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांच्यापुढे जाऊन ती कबूल करावी, हेही आम्ही सांगितले. पण खुंटी ही सोय आहे. सोय आहे तोवर लाज वाटत नाही, आणि लाज वाटत नाही तोवर हात थांबत नाही. आम्हाला ती खुंटी उपटायची होती. आमचे चुकत असेल तर जाणत्यांनी जरूर कळवावे.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. पुष्कळ वर्षे पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर अंग कापते, भ्रम होतो, झटके येतात, जिवावरही बेतते. तो देवाचा कोप नव्हे, शरीराचा धर्म आहे. अशा वेळी डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. मिहानातच एम्स आहे. पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण हे काम करीत आहे. औषध घेणे म्हणजे नामावरचा विश्वास उडाला असे नव्हे.

मंदिरातला मृदंग आम्ही उतरवून नागपूरला शाई भरायला दिला. चौकीदार पोराशी बोललो. तो म्हणाला, "महाराज, माझी दिवसाची पाळी असंल तेव्हा मी येईन. रात्रपाळीले नाही जमणार." आम्ही म्हणालो, तेवढे पुरे. इतर दिवशी नुसत्या टाळांवर हरिपाठ होऊ द्या.

पुढे काय झाले असे वाचक विचारतील. चमत्कार झाला असे आम्ही लिहिणार नाही. माघ महिन्यात पुन्हा तिकडे जाणे झाले. हरिपाठाला नऊ माणसे होती. ते गृहस्थ खांबाला टेकून, जरा मागे, टाळ धरून बसले होते. माळ गळ्यात होती. नंतर जवळ येऊन म्हणाले, "महाराज, दोनदा चुकलो जी. पण माळ नाही काढली. लय जड गेलं." आम्ही त्यांच्या पाया पडलो. ते संकोचले. पण जड गेले असे सांगणारा माणूस आमच्या लेखी मोठा.

वारकरी बंधुभगिनींनो, आपापल्या गावी जाऊन एवढेच पाहा की संध्याकाळी सातला तुमच्या मंदिराचे दार उघडे आहे की बंद. बंद असेल तर गावातल्या पिणाऱ्यांना बोल लावण्याआधी ते उघडा, दिवा लावा, टाळ काढा. चार माणसे पुरतात. आणि दाराशी कोणी घुटमळत असला, त्याच्या तोंडाला वास येत असला, तरी त्याला आत घ्या.

पुंडलिकवरदे हरि विठ्ठल!